दुखऱ्या स्तनाचे निदान : जिवाणू, बुरशी आणि माणदेशातील बाळंतीण

अंगावर पाजणाऱ्या स्त्रीच्या स्तनात किंवा स्तनाग्रात वेदना सुरू झाल्या, की निदानाचा विचार बहुधा दोनच वाटांनी जातो. एक वाट जिवाणूंची, म्हणजे स्तन लाल होणे, थंडी वाजून ताप येणे आणि उपचाराला उशीर झाला तर पू धरणे ही; दुसरी बुरशीची, म्हणजे कँडिडा या एकपेशीय बुरशीमुळे (शास्त्रीय परिभाषेत किण्वामुळे) स्तनाग्रांची आग होणे आणि बाळाच्या तोंडात पांढरे चट्टे उमटणे ही. पहिल्या दुखण्याला प्रतिजैविके लागतात, दुसऱ्याला बुरशीनाशके, आणि प्रतिजैविकांमुळे बुरशी बळावते हे सर्वांना ठाऊक असल्याने निदान चुकले तर दुखणे उलटेल अशी धास्तीही असते. गेल्या पंचवीसेक वर्षांतील संशोधनाने मात्र या दुपदरी मांडणीलाच हादरा दिला आहे. पाजणाऱ्या स्त्रियांच्या दुखऱ्या स्तनांपैकी बऱ्याच स्तनांत सुरुवातीला ना रोगकारक जिवाणूंचा संसर्ग असतो ना बुरशीचा, आणि प्रयोगशाळेत जिवाणू किंवा बुरशी सापडली म्हणजे दुखण्याचे कारण सापडले असेही होत नाही. त्यामुळे ‘जिवाणू की बुरशी’ हा प्रश्न अगदी आरंभी न विचारता, बाळ स्तन कसे धरते, स्तनात नुसती सूज आहे की संसर्ग, आणि त्वचेला आणखी काही झाले आहे काय, हे पाहून झाल्यावर विचारावा, अशी भूमिका आज अधिक सयुक्तिक ठरते.

ही भूमिका सातारा जिल्ह्यातील माण आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी-जत या पर्जन्यछायेतील पट्ट्यात, म्हणजे माणदेशात, तपासून पाहण्याजोगी आहे, कारण तिथे निदान प्रयोगशाळेच्या अहवालावर न होता डोळ्यांनी, हाताने आणि विचारपूस करून होते. दहिवडी-म्हसवडच्या बाईला मोठ्या तपासणीसाठी पुसेगावमार्गे साताऱ्याला, आटपाडीच्या बाईला विट्यावरून सांगली-मिरजेला आणि जतच्या बाईला कवठे महांकाळमार्गे मिरजेला जावे लागते. दूध प्रयोगशाळेत वाढवून त्यातील जिवाणू ओळखण्याची, म्हणजे कल्चरची, सोय त्या मोठ्या रुग्णालयांच्या आधाराने मिळते. अहवाल यायला दोन-तीन दिवस जातात आणि तेवढ्यात उपचार सुरू करणे भागच असते. त्यात या भागातील पुष्कळ कुटुंबांचे वर्षातील काही महिने गावाबाहेर जातात. ऊसतोडीची टोळी कृष्णाकाठच्या फडांवर असते, मेंढरांचा वाडा चाऱ्यामागे कोकणाच्या दिशेने सरकत असतो, आणि सोन्याचांदीच्या गलाई व्यवसायातील घरे तर देशभर पांगलेली आहेत. ‘थानात गाठ आली’, ‘थान दगडावानी झालं’, ‘बोंडीला चीर पडली’ आणि ‘पोराचं तोंड आलं’ या चार वाक्यांत इथली बाळंतीण आपले दुखणे सांगते, आणि बारकाईने पाहिले तर वैद्यकाने केलेले चार वेगळे भाग त्यात आधीच पडलेले दिसतात.

हे दुखणे किती पसरलेले आहे याचा ग्रामीण महाराष्ट्रातील सर्वांत भरवशाचा अंदाज गडचिरोलीहून मिळतो. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या ‘सर्च’ या संस्थेतील सहकाऱ्यांनी ७७२ स्त्रियांचा बाळंतपणापासून पुढे पाठपुरावा करून २००४ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बाळंतपणानंतरच्या आजारांमध्ये सर्वांत वरचे स्थान स्तनांच्या तक्रारींना मिळाले होते. त्यांचे प्रमाण १८.४ टक्के होते, तर उशिरा होणाऱ्या रक्तस्रावाचे १५.२ आणि जननमार्गाच्या संसर्गाचे १०.२ टक्के. दवाखान्यात आलेल्या बायका मोजून हे आकडे मिळाले नसते, कारण थानाची गाठ हे पुष्कळ घरांत दाखवायचे दुखणेच नसते. सासू शेक देते, दृष्ट काढली जाते, फार झाले तर गोळी आणली जाते. ‘स्तनांच्या तक्रारी’ या एका सदरात चिरा, दूध तटतटणे, सूज आणि गळू हे सारे एकत्र येते हे खरे. पण गावपातळीवरील आरोग्यसेवेला पहिला प्रश्न या एकत्र आलेल्या तक्रारींचाच सोडवायचा असतो.

सूज आणि संसर्ग यांतील फरक समजण्यासाठी स्तनाच्या रचनेपासून सुरुवात करावी लागते, आणि माणदेशात या रचनेविषयीची समजूत गोठ्यातून आलेली आहे. दुभत्या जनावराची कास सुजून कडक झाली, की शेतकरी त्या रोगाला ‘दगडी’ म्हणतो, आणि सड पिळून कास पुन्हा पुन्हा मोकळी करणे हा त्यावरचा पहिला, पिढ्यान्पिढ्या चालत आलेला उपाय. बाळंतिणीलाही तोच नियम लावला जातो. गाठ तेल लावून जोराने चोळायची, ‘फोडायची’, आणि दूध शेवटच्या थेंबापर्यंत पिळून काढायचे. या नियमाला वैद्यकानेही दीर्घकाळ दुजोरा दिला होता हे मान्य केले पाहिजे. परंतु गाईच्या कासेत सडाच्या वर दूध साठवणारी मोठी पोकळी असते आणि स्त्रीच्या स्तनात ती नसते. जुन्या पाठ्यपुस्तकांतील चित्रांत स्तनाग्रामागे दूध साठण्याच्या पिशव्या दाखवलेल्या असत; पश्चिम ऑस्ट्रेलिया विद्यापीठातील संशोधकांनी २००५ मध्ये पाजणाऱ्या स्त्रियांच्या स्तनांची सोनोग्राफी करून पाहिली तेव्हा त्या पिशव्या आढळल्या नाहीत. स्त्रीचे दूध मुख्यतः ते तयार करणाऱ्या सूक्ष्म कोशांतच राहते आणि पान्हा फुटला की बारीक नलिकांतून खाली उतरते. म्हणून बोटांना लागणारी गाठ हा साचलेल्या दुधाचा खडा असतोच असे नाही. पुष्कळदा आजूबाजूच्या ऊती सुजून नलिका बाहेरून दाबल्या गेलेल्या असतात, आणि अशा वेळी चोळल्याने सूज उतरण्याऐवजी वाढते, कधी नाजूक रक्तवाहिन्या फुटून इजाही होते.

रचनेच्या या नव्या समजुतीवर आधारलेले मार्गदर्शन स्तनपानविषयक वैद्यकांच्या ‘अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केले. जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली स्तनदाहावर काढलेल्या पुस्तिकेत दूध तुंबणे आणि संसर्ग ही दोन मूळ कारणे धरून दूध नीट बाहेर पडण्यावर भर दिला होता. नव्या मार्गदर्शनाने स्तनदाह हा एकाच आजाराचा चढता क्रम मानला. आधी नलिका आकसतात, मग नुसती दाहयुक्त सूज येते, त्यातून काही स्त्रियांमध्ये जिवाणूंचा संसर्ग होतो, पुढे ऊतींचा घट्ट सुजलेला भाग तयार होतो आणि शेवटी गळू. पहिल्या दोन पायऱ्यांवर प्रतिजैविकांचे काम नाही. बाळाला त्याच्या भुकेप्रमाणे पाजत राहावे, मुद्दाम जास्त दूध काढू नये (जास्त काढले तर शरीर जास्तच दूध तयार करते), बर्फाने किंवा थंड फडक्याने शेकावे, आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल घ्यावे, आणि गाठीवर जोर न देता काखेच्या दिशेने त्वचेवरून हलका हात फिरवावा, एवढे चोवीस तास करून पाहावे असे हे मार्गदर्शन सांगते. स्तनपान-सल्लागारांपैकी अनेकांना दूध काढण्यावरचा हा लगाम अतिरेकी वाटला आणि त्यावर वाद अजून चालू आहे. मात्र जोराने चोळू नये या मुद्द्यावर फारसा वाद उरलेला नाही.

यातील थंड शेक माणदेशातील घरात सहज मान्य होणार नाही. बाळंतिणीला थंड वर्ज्य, शेक-शेगडी आणि ओव्याची धुरी आवश्यक, असा इथला शिरस्ता आहे आणि त्याच्याशी भांडण मांडून आरोग्यसेविकेच्या हाती काही लागत नाही. सुजलेल्या स्तनाला गरम शेकाने थोडा वेळ बरे वाटते हेही खरे. पण रक्तपुरवठा वाढून सूज चढू शकते. बाळंतिणीच्या अंगाचा शेक चालू ठेवून फक्त स्तनावर माठातल्या पाण्याचे फडके दहा-पंधरा मिनिटे ठेवणे ही तडजोड घरातील वडीलधाऱ्यांना पटण्यासारखी आहे, आणि बर्फाअभावी तीच शक्यही आहे.

जिवाणूजन्य स्तनदाहाचे स्वरूप तुलनेने स्पष्ट असते. एकाच स्तनाचा, बहुधा पाचरीच्या आकाराचा भाग लाल, गरम आणि कडक होतो, ताप ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर जातो, अंग मोडून येते, थंडी वाजते, आणि चोवीस तास साधे उपाय करूनही उतार पडत नाही. बहुतेकदा हे पहिल्या तीन महिन्यांत, त्यातही पहिल्या सहा आठवड्यांत घडते. कारक जिवाणूंमध्ये ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’ अग्रभागी आहे. निरोगी माणसाच्या नाकात आणि त्वचेवर तो शांतपणे नांदत असतो, बाळाच्या नाकातोंडातही जातो, आणि स्तनाग्राची चीर त्याला आत शिरण्याची वाट देते. म्हणून चीर भरून येणे हा स्तनदाह टाळण्याचाच भाग आहे, आणि चीर बहुतेक वेळा बाळाने स्तनाग्राचे फक्त टोक तोंडात धरल्यामुळे पडते. बाळाचे पोट आईच्या पोटाला लागून, हनुवटी स्तनात रुतलेली, तोंड मोठे उघडलेले आणि स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाचा खालचा भाग वरच्यापेक्षा अधिक आत गेलेला, असे दिसले तर पकड योग्य समजावी. ही गोष्ट शिकवायला औषध लागत नाही, वेळ लागतो. दवाखान्यात तोच कमी पडतो.

उपचारासाठी त्वचेवरील स्टॅफिलोकॉकसवर चालणारी औषधे, म्हणजे क्लॉक्सासिलिन किंवा सेफालेक्सिनसारखी, साधारण दहा ते चौदा दिवस दिली जातात. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर क्लिंडामायसिनसारखा पर्याय असतो. ही औषधे घेत असताना पाजता येते. ‘औषध चालू आहे, दूध बंद करा’ हा सल्ला या आजारातील सर्वांत हानिकारक सल्ला म्हणावा लागेल, कारण अचानक पाजणे थांबवले तर गळू होण्याचा धोका वाढतो आणि बाळाचा हक्काचा आहारही जातो. सुजलेल्या बाजूचे दूध निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाला बाधत नाही. त्यात सोडियम वाढल्यामुळे ते किंचित खारट लागते आणि काही बाळे ती बाजू नाकारतात. घरातल्यांना यातून ‘दूध नासले’ असे वाटते, म्हणून या खारटपणाचे कारण आधीच सांगून ठेवणे उपयुक्त ठरते. योग्य प्रतिजैविक सुरू करून ४८ तासांत ताप आणि सूज हटली नाही, तर दोन शक्यता उरतात. एक म्हणजे नेहमीच्या औषधांना न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस, आणि तेव्हा दुधाचे कल्चर करायलाच हवे; दुसरी म्हणजे आत पू झाला आहे.

गळूविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. ऑस्ट्रेलियात २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्तनदाह झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे तीन टक्क्यांना गळू झाले होते. वेळेवर वैद्यकीय मदत मिळते अशा ठिकाणचा हा आकडा आहे आणि माणमध्ये तो जसाच्या तसा धरता येणार नाही. पू झालेला भाग सुरुवातीला कडक, मग मधोमध मऊ होतो. दोन बोटांनी आळीपाळीने दाबल्यास आतला द्रव हललेला जाणवतो. वरची त्वचा ताणून चकाकते. स्तन मोठा असेल किंवा गळू खोल असेल तर हे काहीच कळत नाही आणि सोनोग्राफीच करावी लागते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात स्तनरोगांचा स्वतंत्र विचार आहे, आणि पू काढल्याशिवाय गळू बरे होत नाही हे तत्त्व तेव्हापासून आजवर बदललेले नाही. बदलली ती फक्त रीत. पूर्वी सरसकट भूल देऊन चीर घेतली जात असे, आता सोनोग्राफीत पाहत सुईने पू ओढला जातो, आवश्यक तर दोन-तीन वेळा, आणि त्यामुळे बाईला दवाखान्यात राहावे लागत नाही, पाजणेही सुटत नाही. तालुक्याच्या ठिकाणी सोनोग्राफीचे यंत्र असणे आणि त्याच दिवशी सुई घालणारा माणूस असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माणमधील बाईचा साताऱ्याचा फेरा बहुधा दुसऱ्या गोष्टीच्या अभावी होतो.

बुरशीच्या बाबतीत पुरावा बराच विरळ आहे. स्तनाग्रांची आग, पाजून झाल्यावर स्तनात खोलवर सुया टोचल्यासारख्या कळा, गुलाबी चकाकणारी त्वचा, आणि हे सारे ताप वा गाठ नसताना, अशा तक्रारींना १९९० च्या दशकापासून ‘स्तनातील कँडिडा’ असे नाव मिळाले. कँडिडाला ऊब आणि ओल मानवते, बाळाच्या तोंडात ती सहज वस्ती करते आणि प्रतिजैविकांनंतर वाढते, तेव्हा ती स्तनाग्रावर आणि तिथून दुग्धनलिकांतही जात असावी, हा तर्क ओघानेच आला. त्या तर्काची तपासणी नंतर झाली. दुधातील लॅक्टोफेरिन नावाचे प्रथिन कँडिडाला लागणारे लोह अडवून धरते, त्यामुळे साध्या कल्चरमध्ये ती दिसत नसेल अशी शंका होती. म्हणून नमुन्यात लोह मिसळून शोध घेण्याची पद्धत २००३ मध्ये मांडली गेली. पुढे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, नलिकांत बुरशी असल्याची ठरलेली लक्षणे असलेल्या स्त्रियांच्या दुधात आणि लक्षणे नसलेल्यांच्या दुधात काही फरक सापडला नाही.

या विषयावरील एक मोठा पाठपुरावा मेलबर्नमध्ये झाला. गर्भारपणाच्या अखेरीस नोंदवलेल्या ३६० स्त्रियांचे आणि नंतर त्यांच्या बाळांचे नमुने घेऊन आठ आठवड्यांपर्यंत पाठपुरावा केला गेला आणि निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. स्तनाग्राची आग आणि स्तनात दुखणे अशा दोन्ही तक्रारी असलेल्यांपैकी ५४ टक्के आई-बाळांत कँडिडा आढळली, इतरांमध्ये ३६ टक्क्यांत. स्टॅफिलोकॉकस ऑरियसचे हेच प्रमाण ८२ आणि ७९ टक्के होते. हे चार आकडे शेजारीशेजारी ठेवून वाचले पाहिजेत. कँडिडाचा आणि वेदनेचा काही संबंध असावा असे पहिली जोडी सुचवते. पण या दोन्ही तक्रारी एकत्र नसलेल्या तीनपैकी एकीहून अधिक जोड्यांतही ती होती आणि त्या असलेल्या जवळजवळ निम्म्या जोड्यांत ती नव्हती, हेही तीच जोडी सांगते. दुसऱ्या जोडीवरून दिसते की स्टॅफिलोकॉकस तर बहुतेक सगळ्यांकडेच असतो, म्हणून तो अहवालात आला एवढ्यावरून काहीच ठरत नाही. अभ्यासकांनी स्वतः या आकड्यांतून कँडिडाच्या बाजूने निष्कर्ष काढला; २०२२ च्या मार्गदर्शनाने मात्र दुग्धनलिकांतील बुरशी या निदानाला शास्त्रीय आधार नाही अशी भूमिका घेतली, आणि त्या नावाखाली येणाऱ्या बऱ्याच दुखण्यांत नलिकांतील नेहमीच्या जिवाणूंचा समतोल बिघडून आलेला सौम्य, रेंगाळणारा दाह असतो असे म्हटले. उपलब्ध पुरावा पाहता मधली भूमिका घेणे योग्य वाटते. बाळाच्या तोंडातील बुरशी निःसंशय खरी आहे, तिच्या संपर्काने स्तनाग्राच्या त्वचेवर बुरशी येऊ शकते, परंतु दुधाच्या नलिकांत खोलवर पसरलेली बुरशी आजवर पुराव्यानिशी दाखवता आलेली नाही.

मग आग होते कशाने? सर्वांत जास्त वेळा पकड चुकल्याने झालेल्या सूक्ष्म इजेने. त्यानंतर रक्तवाहिन्या आकसण्याचा क्रमांक लागतो, ज्यात पाजून झाल्यावर स्तनाग्र आधी पांढरे, मग निळसर आणि मग लाल होते आणि गार वाऱ्यात, पहाटे किंवा न्हाणीतून बाहेर आल्यावर कळा वाढतात. माणच्या उघड्या माळावर मार्गशीर्ष-पौषातील पहाट चांगलीच बोचते, आणि त्या दिवसांत अशी तक्रार आली तर आधी स्तनाग्राचा बदलता रंग विचारावा. ऊब देणे हाच तेव्हा उपाय असतो, बुरशीनाशकाने काही होत नाही. गाठ सुजली असता थंड आणि स्तनाग्र पांढरे पडले असता गरम, हा फरक घरच्यांना एकदा सांगावा लागतो. इसब आणि मलमांची रिअॅक्शन यांनीही हुबेहूब बुरशीसारखे चित्र उभे राहते.

मलमांचा प्रश्न आपल्याकडे विशेष बिकट आहे. स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकाच ट्यूबमध्ये मिसळलेली मलमे गावोगावच्या मेडिकल दुकानांत ‘खाजेची ट्यूब’ म्हणून मागितली जातात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्वचेवर लावायच्या अनेक स्टेरॉइडांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी असलेल्या औषधांच्या यादीत घातले, तरी सवय गेलेली नाही. असे मलम लावले की स्टेरॉइडमुळे दोन दिवस आग कमी होते, म्हणून ‘बुरशीच होती’ असा समज पक्का होतो. त्वचा मात्र पातळ होत जाते आणि खरी बुरशी असेल तर ती आत दबून वाढते. एका औषधाने बरे वाटले यावरून निदान सिद्ध झाल्याचे मानणे ही चूक फ्लुकोनाझोल या बुरशीनाशक गोळीच्या बाबतीतही होते. तिच्याने आलेला उतार बुरशी मेल्यामुळे होता की दाह शमल्यामुळे, हे काही अभ्यासकांच्या मते सांगता येत नाही. फ्लुकोनाझोल पाजणाऱ्या स्त्रीला देता येते. तथापि दूध वाढावे म्हणून डॉमपेरिडोन घेणाऱ्या बायका आपल्याकडे कमी नाहीत, आणि ही दोन औषधे एकत्र आली तर हृदयाच्या तालात घातक बिघाड होऊ शकतो. म्हणून दुधाच्या गोळ्या चालू आहेत काय, हे फ्लुकोनाझोल लिहिण्याआधी विचारलेच पाहिजे.

बाळाच्या तोंडातील बुरशी ओळखणे अवघड नाही. दुधाचा थर जिभेपुरता असतो आणि ओल्या मऊ फडक्याने निघतो. बुरशीचे चट्टे गालांच्या आतून, हिरड्यांवर आणि टाळूवरही असतात, पुसून निघत नाहीत, खरवडले तर खालची त्वचा लाल होऊन रक्त येते. सोबत जांघेत तांबडेलाल पुरळ आणि त्याच्या कडेने सुटे ठिपके असतील तर शंका उरत नाही. घरगुती उपायांत टाकणखाराची लाही मधात कालवून बाळाच्या तोंडात लावण्याची जुनी रीत आहे आणि ती थांबवली पाहिजे, कारण टाकणखारातील बोरॉन तान्ह्या बाळाला विषारी ठरते आणि एक वर्षाखालील बाळाला मधातून बॉट्युलिझम हा दुर्मीळ पण जीवघेणा आजार होऊ शकतो. सरकारी दवाखान्यात ०.२५ टक्क्यांचे जेन्शन व्हायोलेट, म्हणजे ओळखीचे जांभळे औषध, लावले जाते. ते स्वस्त आणि परिणामकारक आहे, पण प्राण्यांवरील प्रयोगांत कर्करोगाचा धोका दिसल्यामुळे कॅनडाच्या आरोग्य खात्याने २०१९ मध्ये त्याविरुद्ध इशारा दिला. निस्टॅटिनचे थेंब किंवा क्लोट्रिमाझोलचा तोंडात लावायचा द्राव हे बरे पर्याय आहेत. मायकोनाझोलचे घट्ट जेल चार महिन्यांखालील बाळाच्या घशात अडकू शकते. बाळाला बुरशी असताना आईच्या स्तनाग्रांना काहीच त्रास नसेल तरी दोघांवर एकदमच उपचार करावेत असा प्रघात आहे. त्यामागे पुरावा थोडा असला तरी पातळ थरातील साध्या बुरशीनाशक मलमाने नुकसान नाही, फक्त ते स्टेरॉइडविरहित असावे.

काही आजार या दोन्ही वाटांच्या बाहेरचे असूनही स्तनदाहाचे रूप घेऊन येतात आणि ते सुटता कामा नयेत. न दुखणारी किंवा कमी दुखणारी, पुन्हा पुन्हा वाहणारी गाठ असेल तर भारतात क्षयरोगाचा विचार करावाच लागतो. एकाच स्तनाग्रावरचा न भरणारा इसबासारखा चट्टा किंवा प्रतिजैविकांनीही न हटणारी लाल सूज असेल तर कर्करोग वगळावा लागतो. बाळाच्या तोंडातली बुरशी उपचार करूनही सतत उलटत असेल तर आई-बाळाची एचआयव्ही तपासणी झाली आहे ना, हे पाहणे अगत्याचे आहे. सांगली-सातारा पट्ट्याला या साथीची झळ १९९० च्या दशकापासून बसलेली आहे. एचआयव्हीबाधित आईला स्तनदाह झाला तर त्या बाजूच्या दुधात विषाणूंचे प्रमाण वाढते, म्हणून ती बाजू बरी होईपर्यंत दूध काढून टाकावे आणि दुसऱ्या बाजूने पाजावे असा सल्ला असतो. ‘पाजत राहा’ या सर्वसाधारण नियमाला हा महत्त्वाचा अपवाद आहे.

तपासणीसाठी दूध पाठवायचे झाले तर ते कसे घेतले यावर अहवालाची किंमत ठरते. हात आणि स्तनाग्र धुऊन, पहिले काही थेंब सोडून, मधल्या धारेचे दूध निर्जंतुक डबीच्या कडेला स्तनाग्र न लावता घ्यावे लागते. घरच्या वाटीतून आणलेल्या दुधात त्वचेवरचे जिवाणू वाढलेले दिसतात आणि बाईला नको ते औषध मिळते. प्रत्येक दुखऱ्या स्तनासाठी हा खटाटोप आवश्यक नाही. ४८ तासांत उतार न पडणे, आजार उलटणे, रुग्णालयातच संसर्ग लागल्याची शंका आणि नेहमीची औषधे न चालणे, एवढ्या प्रसंगी तो करावा.

गावपातळीवर या सगळ्याची पहिली नोंद आशा कार्यकर्ती घेते. गडचिरोलीतील ‘सर्च’च्या प्रयोगातून आकाराला आलेल्या नवजात बाळाच्या गृहभेटींच्या राष्ट्रीय कार्यक्रमात, दवाखान्यात बाळंतपण झाले असल्यास ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी तिने घरी जायचे असते. पकड सुधारण्यासाठी यातील पहिल्या दोन भेटी मोलाच्या आहेत, आणि जिवाणूजन्य स्तनदाहाचा जोर असतो त्या सहा आठवड्यांवर या वेळापत्रकाचे छत्र आहे. त्यापुढची ठरलेली गृहभेट थेट तिसऱ्या महिन्यात येते. सप्टेंबरात बाळंत झालेली जत किंवा माणमधील बाई दिवाळीनंतर वाळवा किंवा कराडच्या फडावर असते. बाळ कोपीत मोठ्या भावंडापाशी, पाजण्या दोन-तीन तासांवरून पाच-सहा तासांवर गेलेल्या, दिवसभर मोळी उचलताना छातीवर दाब, आणि तिला ओळखणारी आशा मागे गावात राहिलेली. अशा वेळी गावातल्या आशेच्या हाती फोनच असतो, आणि त्यावरून विचारता येतील असे प्रश्न मोजकेच आहेत. थंडी वाजून ताप आहे काय. लाल, कडक भाग काल होता तितकाच आहे की वाढला. आणि त्याच्या मधोमध बोटाला मऊ लागते काय. यांतील एकाचेही उत्तर वाईट आले तर त्याच दिवशी फडाजवळचा दवाखाना गाठायला सांगावे लागते. स्तनाग्राची आग होते काय आणि बाळाच्या जिभेवरचा थर पुसून निघतो काय, हे मात्र दुसऱ्या दिवशी विचारले तरी बिघडत नाही.